दोन फुटी टाकीतलं पहिलं हार्ड कोरल: कँडी केन की डंकन?

कोथरूडचा फ्लॅट, खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी, आठ महिने झालेत, क्लाउन माशांची जोडी मजेत आहे, मश्रूम आणि झोआ (बिनसांगाड्याची कोरल, म्हणजे प्रवाळ) पसरतायत, आणि दुकानात निळ्या लाइटखालची जांभळी ॲक्रोपोरा, म्हणजे फांद्यांचं हार्ड कोरल, डोळ्यांपुढून हलत नाही. असा तुमचा प्रश्न. ॲक्रोपोरा घेऊ नका. कँडी केन घ्या किंवा डंकन घ्या, दोन्हींपैकी एकच, आणि ते दोन-तीन महिने नीट उघडत राहिलं की मगच पुढचं बघा.

पण पैसे काढण्याआधी कागदांचं बघा. रीफ (प्रवाळभिंत) बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, म्हणजे हार्ड कोरल, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. शिवाय जगभरातले कठीण प्रवाळ साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये येतात, त्यामुळे परदेशात शेती करून वाढवलेला तुकडासुद्धा परवान्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. अनुसूचीत या गटाचं नाव आहे, तुकडा कुठल्या समुद्रातून आला हे नाही. तेव्हा ‘मॅडम, इम्पोर्टेड आहे’ या तोंडी शब्दाला काही किंमत नाही. परवान्याची प्रत आणि बिल मागा, आणि ते घेऊन आधी पुणे वन विभागात लेखी विचारा. दुकानदार कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तिथून बाहेर पडा. मालवण, लक्षद्वीप, मन्नारचं आखात, कच्छचं आखात इथून ‘आणलेला’ तुकडा तर कुणी फुकट दिला तरी घरात घेऊ नका. मश्रूम आणि झोआ कठीण प्रवाळांच्या गटात मोडत नाहीत. कागद मिळालेच नाहीत तर त्यांच्यावरच सुंदर टाकी उभी राहते, हे मी मनापासून सांगते.

कागदांचं मार्गी लागलं असं धरून पुढे लिहिते.

हार्ड कोरल मऊ कोरलपेक्षा वेगळं पडतं ते सांगाड्यामुळे. हा प्राणी पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ओढून दगड तयार करत असतो. बायकार्बोनेट किती शिल्लक आहे हे आपल्याला अल्कलिनिटीच्या टेस्टमधून कळतं. साधारण २० पीपीएम (दहा लाखात वीस भाग) कॅल्शियम वापरलं गेलं की त्याबरोबर २.८ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) अल्कलिनिटी जाते. कॅल्शियमचा साठा ४२० च्या आसपास असतो, त्यातले २० गेले तर काही बिघडत नाही. अल्कलिनिटी मात्र ८ वरून ५.२ वर येते आणि सगळं कोरल आक्रसतं. म्हणून छोट्या टाकीत पहिला आकडा अल्कलिनिटीचा. ॲक्रोपोरा भराभर दगड घालते, म्हणून तो साठा भराभर खाते, आणि आकडा जरा हलला की बुडख्यापासून मांस सोडायला लागते. कँडी केन आणि डंकन सावकाश वाढतात आणि थोडा चढउतार सोसतात. निवड रंगावर करू नका, तुमची टाकी काय स्थिर ठेवू शकते त्यावर करा.

तर आजपासून दहा दिवस, रोज ठरलेल्या वेळी, अल्कलिनिटी मोजून वहीत लिहा. थेंबांची साधी किट चालते. परीक्षानळीत पाच मिली टाकीचं पाणी घ्यायचं, पहिल्या थेंबाला ते निळं होतं, मग एकेक थेंब टाकून हलवत राहायचं आणि पिवळं झालं की थांबायचं, जितके थेंब तितके डीकेएच. निळ्या-पिवळ्याच्या मध्ये एक हिरवट टप्पा येतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. ट्यूबमागे पांढरा कागद धरा आणि रंग पुढच्या थेंबाने बदलत नाही असं दिसल्यावर आकडा लिहा. एका थेंबाला एक डीकेएच हे माप जरा ठोकळ आहे. दहा मिली पाणी घेतलंत तर एक थेंब म्हणजे अर्धा डीकेएच, आणि हार्ड कोरलसाठी मी असंच मोजायला सांगेन. ८ ते ९ च्या मध्ये कुठेही असलं तरी चालेल, पण एका दिवसात १ च्या वर हलता कामा नये. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, हे आठवड्याला एकदा पाहिलं तरी पुरे.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बाजारातली काही रीफ सॉल्ट (टाकीचं खारं पाणी बनवायचं मीठ) कालवली की ११-१२ डीकेएचला जातात. तुमची टाकी ८ वर असेल आणि अशा पाण्याने ३० टक्के पाणी बदललंत, तर तासाभरात आकडा ९.२ वर. दर आठवड्याला १० टक्केच बदललं तर तो ८.४ वर थांबतो, आणि ते कोरलला सोसतं. नवं सॉल्ट घेतलं की आधी बादलीतल्या पाण्याची टेस्ट करा.

पाण्याचा मूळ स्रोतही बघून घ्या. खडकवासल्याचं नळाचं पाणी त्या मानाने हलकं असतं, पण क्लोरीन येतंच. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर लागतो, बोअर मिसळतं, आणि मग काय आलं ते सांगता येत नाही. स्वयंपाकघरातल्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ॲडजस्टर असतो, तो चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतो. ते पाणी पिण्याला उत्तम, टाकीला नाही. मीटर ५०-६० दाखवतो तो त्यामुळेच. आरओच्या पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार काढून घेणाऱ्या दाण्यांचं) नळकांडं लावा आणि मीटर ० दाखवेल तेच पाणी वापरा.

आता पुण्याचा उन्हाळा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो आणि दोन फुटी टाकी दुपारी तापते. पंखा लावून बाष्पीभवनाने पाणी थंड करणं मार्च ते मे अगदी छान जमतं, कारण आपली हवा कोरडी. जूनमध्ये हवा दमट झाली की पंख्याचा जोर कमी होतो, पण तोवर उकाडाही उतरलेला असतो. टाकी २५ ते २७ अंशांत राहिली की बरं, २८ ला स्थिर राहिली तरी घाबरू नका. त्याच्या बरीच वर जाऊन तिथेच राहिली की कोरल आपल्या पेशींतली शेवाळं बाहेर टाकायला लागतं आणि फिकट पडतं. अन्नाचा मोठा वाटा तीच शेवाळं देतात, त्यामुळे हा फिकेपणा उपासमारीची सुरुवात असतो. पंख्याची दुसरी बाजू अशी की पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. ६० लिटरमधलं दीड लिटर गेलं की क्षारता ३५ वरून ३६ च्या जवळ पोचते. रोज संध्याकाळी तांब्याने भर घालण्यापेक्षा ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, लावा. हार्ड कोरल घेण्याआधी एकाच वस्तूवर खर्च करायचा असेल तर मी याच्यावर करेन, महागड्या लाइटवर नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा लाइट बंद राहिला तरी काही बिघडत नाही, वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) मात्र इन्व्हर्टरवर घ्या. पाणी हलत राहिलं तर ऑक्सिजन टिकतो.

कँडी केन म्हणजे कॉलास्ट्रिया. तुताऱ्यांसारख्या दांड्या, प्रत्येकीच्या टोकाला फुगीर हिरवट गादी (तिलाच हेड म्हणतात) आणि मधोमध तोंड. प्रकाश मध्यम, टाकीच्या खालच्या अर्ध्यात ठेवलं तरी खूश. शेजाऱ्याला डंख मारणारे तंतू आखूड असतात, म्हणून छोट्या टाकीत शोभतं. एखादं हेड लांबट व्हायला लागलं आणि मध्ये चिमटा पडल्यासारखं दिसलं तर बारकाईने बघा: एका तोंडाची दोन तोंडं झालेली असतात. काही आठवड्यांत दोन वेगळी हेड. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा फार आनंद होतो, आणि तुमचं कॅल्शियम-अल्कलिनिटीचं गणित बरोबर चाललंय याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

डंकन ऑस्ट्रेलियाकडचं. प्रत्येक नळीच्या टोकाला लांब शुंडकांचं झुपकं असतं, आणि नवी हेड नळीच्या बाजूला छोट्या कळ्यांसारखी फुटतात. मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) दिली की शुंडकं मिटून घास आत ओढतं. खाऊ घालायची आवड असेल तर डंकनच घ्या. पण आठवड्यातून एक-दोनदाच, आणि उरलेलं अन्न काढून घ्या. नायट्रेट ५ ते १० पीपीएम ठेवा. शून्य करायच्या मागे लागू नका, शून्यावर कोरल फिकं पडतं आणि डायनोचा (डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांचा) चिकट थर यायची शक्यता वाढते.

या दोघांनंतर ब्लास्टोमुसा किंवा ॲकन ही हार्ड कोरल. दोन्ही कमी प्रकाशात, वाळूजवळ. फांद्यांचं हॅमर आणि फ्रॉगस्पॉनही चालतील, मात्र सलग भिंतीसारखा ‘वॉल’ प्रकार नको. फांद्यांचं एक हेड तपकिरी जेलीच्या रोगाने गेलं तर ते कापून बाकीचं वाचवता येतं, वॉलमध्ये मांस सलग असल्याने रोग पसरत जातो. टॉर्च देखणा असतो, पण नाजूक, आणि हॅमर-फ्रॉगस्पॉनला डंख मारतो. दोन फुटांत त्याला जागा नाही. गॅलॅक्सियाचे तंतू रात्री दूरवर पोचतात, ते नको. गोनिओपोराही इतक्यात नको. सन कोरलमध्ये ती शेवाळं नसतातच, त्याचं प्रत्येक हेड हाताने भरवावं लागतं. मोंटिपोरा डिजिटाटा पुढे कधीतरी, वहीतले आकडे सहा महिने सरळ रेषेत आल्यावर.

दुकानात तुकडा निवडताना मांस आणि सांगाडा मिळतात ती कडा बघा. कडेपाशी पांढरा स्वच्छ सांगाडा उघडा पडला असेल तर मांस मागे सरकतंय, सोडून द्या. तुकडा कालच कापून डिंकाने चिकटवलेला नको, मांस खालच्या चकतीवर थोडं पसरलेलं असेल तो घ्या. निळा लाइट बंद करून पांढऱ्याखाली दाखवायला सांगा, फिकेपणा तिथेच कळतो. घरी आणल्यावर चकतीखाली अंडी, चपटे किडे, एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) दिसतात का ते पाहा, भांड्यात काढलेल्या टाकीच्या पाण्यात कोरल डिप (किडे मारायचं औषध) करून बाटलीवर लिहिलंय तितकाच वेळ ठेवा आणि ते पाणी फेकून द्या. जमलं तर जुनी चकती तोडून नव्या चकतीवर लावा.

पहिला आठवडा वाळूवर, मग हळूहळू वर. प्रवाह असा हवा की शुंडकं डुलतील. एकाच बाजूला सपाट पडली तर जोर जास्त आहे. पहिले दोन-तीन दिवस ते मिटून राहिलं तर जागा बदलत बसू नका.

दहा दिवसांचे आकडे झाले की इथेच लिहा, सोबत टाकीची लांबी-रुंदी-उंची आणि सॉल्टचं नाव. आकडा दिवसाला किती उतरतोय त्यावरून डोसिंग (बाटलीतलं कॅल्शियम-अल्कलिनिटीचं द्रावण घालणं) लागेल की नुसतं पाणी बदलून भागेल ते ठरवू. आत्ताच बाटल्या आणून ठेवू नका.