जळगावच्या उन्हाळ्यात सॉलिड टॉपची गिटार टिकेल का?

टिकेल, पण जपावी लागेल. सॉलिड टॉप म्हणजे गिटारची वरची फळी थर न चिकटवता अखंड लाकडाची, बहुधा स्प्रूस किंवा सीडर या झाडांच्या. अखंड स्प्रूसच्या फळीचा आवाज मोकळा असतो, वाजवत गेलं की आणखी खुलतो. मात्र मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि ब्रिजजवळ (फळीवर तारा जिथे अडकवतात ती पट्टी) चीर पडू शकते. सीडर तर इतकं मऊ, की नखाचाही ओरखडा उठतो.

गिटार भिंतीलाच टांगणार असाल तर सरळ लॅमिनेट, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेल्या फळीची, घ्या. सॉलिड घेतलीत तर केसमध्ये ह्युमिडिफायर (हवेत ओलावा राखणारं साधन) ठेवा, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. कूलरच्या झोतासमोर मुळीच नको, ओलाव्याने फळी फुगते.

दुकानात साउंडहोलची, म्हणजे फळीतल्या गोल भोकाची, कड नीट बघा: वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सलग खाली उतरल्या तर सॉलिड, थर दिसले तर लॅमिनेट.