भोवळ येते, तरी नर्स होता येईल?

ताई, शाळेचं माझं शेवटचं वर्ष आहे. पुढे नर्सिंगला जायचं मनात आहे. आजीच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नऊ दिवस तिच्याजवळ दवाखान्यात होते. रात्री तिला कुशीवर वळवायला, बेडपॅन द्यायला सिस्टरांना मदत करायचे, त्याचं काही वाटलं नाही. पण टाके काढताना मी तिथंच भोवळ येऊन पडले. त्या दिवशी सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी घरी आता तोच विषय. बाबा म्हणतात, 'रक्त बघवत नाही आणि म्हणे नर्स होणार! झालीस तरी जन्मभर डॉक्टरच्या हाताखालीच.' माझं गणितही बेताचंच आहे. काय करू? डिग्री की डिप्लोमा? आणि पहिली नोकरी थेट आयसीयूत घ्यावी का?

---

भोवळीचं आधी सांगते, कारण घरात त्यावरूनच थट्टा चाललेली दिसते. रक्त बघून चक्कर येणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. एरवीच्या भीतीत छाती धडधडते, रक्तदाब चढतो. इथं उलटं होतं. काही माणसांना जखम दिसली की त्यांची नाडी एकदम मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. माणूस आडवा झाला की ते पुन्हा पोचतं, म्हणून लगेच शुद्ध येते. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी अकरा वर्षं वॉर्डात काढली, आणि माझी सुरुवातही अशीच झाली. ऑपरेशन थिएटरात नव्हे, एका साध्या ड्रेसिंगला मी ट्रेसकट खाली गेले. सिस्टरांना नवा निर्जंतुक ट्रे लावावा लागला. मला लागलं का, हे त्यांनी त्यानंतर विचारलं.

यावर एक साधा उपाय आहे. स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात तो मांडला. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, आवळून धरायचे. मग सैल सोडून वीस-तीस सेकंद थांबायचं. असं पाच वेळा करायचं. त्यानं रक्तदाब टिकून राहतो. आधी घरी खुर्चीत बसून सवय कर, मग ड्रेसिंगच्या वेळी उभ्याउभ्या जमेल. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले की मात्र मुकाट्यानं खाली बस आणि शेजारच्याला सांग. लाजून उभं राहणारेच डोकं फोडून घेतात. (काही कारण नसताना भोवळ येत असेल तर ते वेगळं प्रकरण, ते डॉक्टरांना दाखवायचं.)

रक्ताची सवय होते. काही गोष्टींची होत नाही, आणि त्यांच्यामुळे मुली कोर्स अर्धवट सोडताना मी पाहिल्यात. परक्या माणसाचं अंग पुसणं, त्याची घाण काढणं, आणि ते करताना त्याला ओशाळं वाटू न देणं, हे काहींना कधीच जमत नाही. तू नऊ रात्री बेडपॅन दिलास आणि 'काही वाटलं नाही' असं एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी तुझ्या पत्रात त्या ओळीला सगळ्यात जास्त मार्क दिले. आता आजी आपली होती, हे खरं. परक्याचं करताना काय वाटतं ते पहिल्या वर्षी कळेल.

आता बाबांचं म्हणणं. त्यांच्यावर रागावू नकोस. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसलेल्या माणसाला तसंच दिसतं. डॉक्टर राउंडला येतात, सांगतात, सिस्टर लिहून घेते. पण राउंड काही मिनिटांचा असतो. उरलेला दिवस आणि सगळी रात्र पेशंटजवळ कोण असतं?

माझ्या एका रात्रपाळीतली गोष्ट सांगते. पोटाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस झालेले एक काका होते. ताप नाही, बीपी ठीक, नाडी किंचित जास्त. चार्टवर श्वासाच्या रकान्यात सकाळपासून ओळीनं १८, १८, १८ असं लिहिलेलं. एवढा एकसारखा श्वास कुणाचाच नसतो. तो आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतो, वरचा बघून खाली उतरवलेला असतो. मी मनगट धरून नाडी बघितल्यासारखं केलं आणि पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत राहिले. (श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो.) २८ भरले. 'बरं वाटतंय ना?' तर म्हणाले, 'हो, फक्त झोप येत नाही, उगाच कसंतरी होतंय.' मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवलं. ते आधी वैतागले, मग तपासून गंभीर झाले. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. निदान आणि उपचार त्यांनीच केले, त्याचं श्रेय मला नको. पण त्यांना उठवायचं की नाही हे त्या वॉर्डात एकाच माणसाच्या हातात होतं.

नर्सिंगमध्ये सेवाभाव वगैरे आहेच, त्यावर भाषणं करणारे पुष्कळ भेटतील. मी मुलींना विचारते ते एवढंच: तुला बदल दिसतो का? ब्रिटनमध्ये २०१२ साली पेशंट ढासळतोय का हे ओळखायची गुणांची पद्धत सुरू झाली; गुण जितके जास्त, तितका धोका जास्त. तिच्यात मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास असले की त्या एकाच गोष्टीला सर्वांत जास्त, म्हणजे ३ गुण मिळतात. अमेरिकेत नर्स म्हणून नोंदणीसाठी एनक्लेक्स परीक्षा द्यावी लागते. एप्रिल २०२३ पासून तिचं रूप बदललं आणि एखाद्या पेशंटची हकिगत देऊन निर्णयशक्ती तपासण्यावर भर आला. त्या विचाराची पहिली पायरी 'खूण ओळखणं' अशी धरली आहे, औषध देणं फार पुढे येतं. आणि हाताखालचं म्हणशील, तर डॉक्टरांनी चुकून दहापट डोस लिहिला आणि सिस्टरनं तो दिला, तर जबाबदारी दोघांचीही असते. 'मी हा डोस देणार नाही, पुन्हा बघा' असं म्हणणं तिचं कामच आहे. बाबांना हे वाचून दाखव.

गणिताचं फार मनावर घेऊ नकोस. लागतो तो गुणाकार-भागाकार, पण तो चुकून चालत नाही. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचंय आणि सेटमधून २० थेंबांना एक मिली पडतं. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं: मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे जमलं ना? मग बाकीचंही जमेल. अडचण येते ती एककांची आणि दशांश चिन्हाची. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपटीचा फरक आहे. घाईत लिहिलेल्या '.५' मधला ठिपका दिसला नाही की ते ५ होतं, म्हणून नेहमी ०.५ लिहायचं, आणि १.० न लिहिता नुसता १. जाता जाता, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातात सगळे दिवाच काढतात. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी कितीतरी जास्त मेले, हे त्या बाईनं आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारला पटवलं.

डिग्री की डिप्लोमा? वेळ आणि पैसा परवडत असेल तर डिग्री. पेशंटच्या खाटेजवळ दोघींत फरक पडतो असं मी म्हणणार नाही, उत्तम डिप्लोमावाल्या सिस्टरांकडूनच मी काम शिकले. पण शिकवायचं म्हटलं, पुढे विशेष शाखा घ्यायची म्हटली किंवा दुसऱ्या देशात जायचं म्हटलं की डिग्रीपाशी गाडी अडते. डिप्लोमा करून नंतर वरचं शिक्षण घेता येतं, त्यात वर्षं जातात एवढंच. सहायकाचे काही महिन्यांचे कोर्स मात्र वेगळे. नावात नर्सिंग असतं, पण ते करून नर्स म्हणून नोंदणी होत नाही. फी भरण्याआधी तुमच्याकडच्या नर्सिंग कौन्सिलच्या यादीत संस्था आणि कोर्स दोन्ही आहेत का ते स्वतः बघ. प्रवेश देणाऱ्या माणसाच्या शब्दावर जाऊ नकोस.

कॉलेजची इमारत बघून भुलायचं नाही, त्यांचा वॉर्ड बघायचा. युरोपीय संघात नर्सच्या शिक्षणाला किमान ४,६०० तास लागतात आणि त्यातले निदान निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेत जावे लागतात. इतकं महत्त्व या भागाला आहे. तेव्हा कॉलेजला जोडलेलं रुग्णालय चालतं का, खाटा भरलेल्या असतात का, वॉर्डात एका शिक्षिकेमागे किती मुली असतात, हे विचार. उत्तर ऑफिसात मिळणार नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि एकच विचार: 'वॉर्डात तुम्हाला शिकवतात की कमी असलेल्या स्टाफच्या जागी उभं करतात?' त्या एकमेकींकडे बघून हसल्या तर समजून जा.

आयसीयूचा प्रश्न तसा लवकर आहे, तरी विचारलास म्हणून. आधी दोन वर्षं जनरल वॉर्ड, मग आयसीयू, असं जुन्या सिस्टर सांगतात. मला ते सरसकट पटत नाही. नवीन मुलगी कुठल्या विभागात आहे यापेक्षा तिच्या शेजारी कोण आहे, हे जास्त महत्त्वाचं. अनुभवी सिस्टरबरोबर काही आठवडे जोडीनं काम करू देणारा आयसीयू परवडला, पहिल्याच आठवड्यात रात्री एकटीवर अख्खा वॉर्ड सोपवणारी नोकरी नको. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणून मुलाखतीत पगाराबरोबर हेही विचारायचं: रात्री एकीकडे किती पेशंट? पहिले किती आठवडे कुणाबरोबर जोडी? अडलं तर फोन कुणाला? या प्रश्नांनी जे चिडतात तिथं जायचं नाही.

पहिलं वर्ष वाईट जातं. कॉलेजात पाठ केलेलं आणि वॉर्डात चाललेलं यांचा मेळ बसत नाही, ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगताना, पाय लटपटतात, घरी आल्यावर 'ते इंजेक्शन लिहिलं की नाही?' म्हणून झोप उडते. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी नर्स-संशोधक बाईंनी १९८४ साली नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत पाच टप्पे मांडले. त्यात कामाचा आवाका यायलाच एका प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं धरली आहेत. तू सहा महिन्यांत रडलीस तर वेळापत्रकाप्रमाणेच चाललंय असं समज. आणि वॉर्डात पाऊल टाकण्याआधी हिपॅटायटिस बीच्या लसीचे डोस पूर्ण करून घे. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

प्रवेशाला अजून अवकाश आहे, तोवर एक काम देते. आजी झोपली की आठवडाभर रोज तिचे श्वास पूर्ण मिनिट मोज आणि वहीत तारीख, वेळ घालून लिही. कंटाळून कालचा आकडा आज उतरवावासा वाटला, तर तेही लिही. मग ती वही घेऊन मला पुन्हा पत्र पाठव. आणि टाके बघायला परत कधी गेलीस तर आधी काहीतरी खाऊन जा.