रॉचेस्टरचं खेळण्यांचं म्युझियम दोन तासात होईल का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून नायगाराला जाताना वाटेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचं 'द स्ट्राँग' हे खेळण्यांचं म्युझियम दोन तासात उरकेल का, आणि सोबत चार आणि नऊ वर्षांची पोरं नि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे आहेत तर म्हातारी माणसं कंटाळतील का, असं विचारलंय तुम्ही. दोन तासात होणार नाही, अजिबात नाही. आणि सासू-सासरे कंटाळणार नाहीत, फक्त त्यांना बाकावर पर्सा आणि जॅकेटं सांभाळायला बसवू नका, जे बहुतेक जण करतात.

आम्ही याच भागात राहतो त्यामुळे पाहुणे आले की इथं जाणं होतंच. नावात म्युझियम आहे पण चार वर्षांचं पोर आत शिरलं की सुटतंच, कारण जवळपास सगळ्याला हात लावायचा असतो. 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या पायऱ्या आहेत, पुस्तकांच्या विभागात चाच्यांचं जहाज आहे, आणि वेगमन्सचं छोट्या मापाचं सुपरमार्केट आहे, तिथं पोरं ढकलगाडी घेऊन भाजी-पाव भरतात, काउंटरवर स्वतः स्कॅन करतात. (वेगमन्स मूळचं रॉचेस्टरचंच, १९१६ पासूनचं.) तुमचा छोटा तिथून तासभर हलणार नाही हे धरूनच चाला, आणि त्याला ओढत पुढं नेऊ नका, सगळं बघून झालंच पाहिजे असा काही नियम नाही.

नऊ वर्षांच्याला २०२३ मध्ये उघडलेल्या नवीन भागात सोडा. व्हिडिओ गेम्सचा हॉल ऑफ फेम तिथं आहे आणि जवळजवळ २० फूट उंच डाँकी काँगचं मशीन, जे खरंच खेळता येतं. त्याचे बाबाही तिथंच अडकतील, म्हणून वेळ आधीच ठरवून घ्या नाहीतर बाकी काही बघणं होत नाही.

आता सासू-सासरे. त्यांना घेऊन टॉय हॉल ऑफ फेमकडे जा आणि सावकाश फिरा. बार्बी, लेगो वगैरे आहेच, पण त्याच मानाच्या यादीत गोट्या (१९९८ मध्ये यादीत आल्या), पतंग (२००७), भोवरा (२०२२) आणि चक्क पुठ्ठ्याचा खोका (२००५) नि झाडाची काठी (२००८) सुद्धा आहे. काठीपाशी माझे सासरे जे थांबले, विटीदांडूचा अख्खा तास झाला, कोणाची विटी कोणाच्या कौलावर गेली इथपर्यंत, आणि नातवंडं तोंड उघडं टाकून ऐकत होती. तुम्ही फक्त एक प्रश्न विचारून द्यायचा, तुम्ही लहानपणी काय खेळायचात, बाकी ते बघून घेतात.

व्यापार खेळलेल्या प्रत्येकासाठी अजून एक गोष्ट: व्यापार ज्यावरून आला त्या मोनोपॉलीचा चार्ल्स डॅरोनं १९३३ मध्ये हातानं केलेला पट या म्युझियमकडे आहे, मेणकापडावरचा आणि चक्क गोल. गंमत अशी की खेळाची मूळ कल्पना त्याची नव्हतीच, एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ मध्येच 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं होतं, तेही जमीनदारी कशी माणसं लुटते हे दाखवायला. आणि आपण लहानपणी हॉटेलं बांधून भावंडांना कंगाल करण्यात धन्यता मानायचो! हा पट त्या दिवशी कुठं मांडलाय ते काउंटरवर विचारून घ्या, संग्रह प्रचंड आहे आणि सगळंच काही बाहेर ठेवलेलं नसतं.

हा सगळा पसारा मार्गारेट वुडबरी स्ट्राँग या बाईंमुळे. कोडॅकचे शेअर्स असलेल्या श्रीमंत घरातली एकुलती एक मुलगी, आईवडिलांबरोबर जगभर फिरायची, आणि प्रवासात तिला एक छोटी पिशवी द्यायचे, जमवलेल्या बाहुल्या-खेळणी त्या पिशवीत मावली पाहिजेत. त्यातून बारीकसारीक वस्तूंचा नाद लागला तो आयुष्यभर. १९६९ मध्ये त्या गेल्या, इस्टेट म्युझियमला मिळाली, पण दारं उघडली १९८२ मध्ये, आणि तेव्हाचं म्युझियम गंभीर होतं, यंत्रयुगानं अमेरिकन घर कसं बदललं वगैरे. खेळाकडे ते नंतर वळले. मला विचाराल तर बरंच झालं.

फुलपाखरांच्या बागेचं तिकीट वेगळं असतं आणि वेळ ठरलेली, ते आल्या आल्या काढा. आत दमट आणि गरम असतं, दम्याचा त्रास असेल तर सासूबाईंना आधी विचारा. १९१८ चं घोड्यांचं मेरी-गो-राउंड आहे, त्यावर सगळ्यांनी बसा. पावसाळी शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, सगळं गाव तिथंच असतं.

माझा सल्ला असा की एडिसनहून निघून साडेपाच-सहा तास ड्राइव्ह झाल्यावर रॉचेस्टरलाच मुक्काम करा, सकाळी दार उघडतानाच आत जा, दुपारी जेवायला अर्धा तास, आणि चार-साडेचारला निघालात तरी नायगारा दीड तासावर आहे, रात्री धबधब्यावर रंगीत लाइट्स असतातच. सासऱ्यांना यंत्रांची आवड असेल तर दुसऱ्या दिवशी नॉर्थ टोनावांडाला वाट वाकडी करा, ते मेरी-गो-राउंड बनवणाऱ्या अ‍ॅलन हर्शेल कंपनीचा जुना कारखाना तिथं आहे, आता त्याचंही म्युझियम झालंय. छोटं आहे, ते मात्र दोन तासात होतं.