संगीतरचना, मानसशास्त्र आणि वाद्य वाजवणारे यंत्र: तिन्ही एकत्र साधता येतात का?

संगीतरचना, मानसशास्त्रातील संशोधन आणि यंत्रमानव या तिन्हींची ओढ असेल तर एकाचीच निवड करावी लागते का, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवानुसार तशी गरज नाही. मात्र ज्याचे उत्तर तिन्हींच्या मदतीवाचून मिळणार नाही असा एक प्रश्न हाती असावा लागतो. माझा प्रश्न समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यंत्र आणि माणूस एकत्र येण्याचा होता.

देवळात आरतीच्या वेळी विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र आपण पाहिले असेल. मोटर फिरते, दांडे नगाऱ्यावर आपटतात आणि जमलेली मंडळी एक तर त्यामागे फरफटत जातात, नाही तर दुर्लक्ष करून आपल्या लयीत टाळ्या वाजवतात. (आवाजाची तक्रार वेगळीच.) ते यंत्र कुणाचे ऐकत नाही.

मी खंजिरीवर सोलेनॉइडने (वीज दिली की दांडी ढकलणाऱ्या विद्युतचुंबकाने) आघात करणारे छोटे यंत्र तयार केले, तेव्हा पहिल्याच दिवशी ठेका लंगडला. संगणकाच्या आज्ञा वेळेवर जात होत्या. पण हलक्या आघाताला दांडी सावकाश सरकते, त्यामुळे तो जोरकस आघातापेक्षा उशिरा पडतो. प्रत्येक जोरासाठी हा विलंब मोजून आज्ञा तेवढी आधी पाठवावी लागली.

इथेच मानसशास्त्र आले. नियमित ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितले, तर माणूस बहुधा ठोका ऐकू येण्याच्या काही मिलिसेकंद आधीच आपटतो, आणि वादकांमध्ये हे अंतर कमी असते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे आपण ठोक्याची वाट पाहत नाही, त्याचा अंदाज बांधतो. मग यंत्राने गणिताच्या समेवर यावे की माणसाच्या, हे ठरवणे रचनाकाराकडे येते.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या विद्यापीठात गिल वाइनबर्ग यांच्या चमूने घडवलेला शिमॉन हा यंत्रमानव चार हातांतल्या आठ काठ्यांनी मरिंबा हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य वाजवतो. त्याचे हात एकाच रुळावर सरकत असल्याने एक हात दुसऱ्याला ओलांडू शकत नाही, आणि स्वररचना करताना हे बंधन पाळावे लागते. त्याला लयीबरोबर डोलणारे डोकेही दिले आहे. यंत्र दिसत असले की वादकाला त्याच्याबरोबर वाजवणे कितपत सोपे जाते, हेही तिथे प्रयोगाने तपासले गेले, आणि लय संथ किंवा अनिश्चित असताना त्याचा उपयोग होतो असे आढळले. समेपूर्वी गायकाकडे नजर टाकणाऱ्या तबलजीला याचे नवल वाटणार नाही.

पदवीचा विचार नंतर करावा. आधी एक सोलेनॉइड आणि एक खंजिरी घेऊन ठाय, म्हणजे संथ, लयीत ठेका वाजवावा, पाच-सहा वादकांना त्याबरोबर टाळ धरायला सांगावे, एकदा दांडी दिसेल अशी ठेवून आणि एकदा पडद्याआड ठेवून, आणि ध्वनिमुद्रणावरून यंत्राच्या आणि वादकाच्या आघातांमधील अंतर मोजावे. ठेका मात्र स्वतः रचलेला असावा. तयार त्रिताल वापरला, तर वादक सवयीनेच समेवर येतात आणि मोजण्यासारखे फारसे उरत नाही.