फेब्रुवारीत गावी परसबाग सुरू करायची आहे, गादीवाफे बांधू का?

तुम्ही लिहिलंय की मुंबईचं घर बंद करून देवगड तालुक्यात गावी राहायला आलात, घरामागच्या परड्यात दोन गुंठे मोकळी जागा आहे, आणि जांभ्या दगडाचे चिरे आणून सहा गादीवाफे, म्हणजे जमिनीपासून उचललेले वाफे, बांधून त्यात टोमॅटो, फ्लॉवर आणि सिमला मिरची लावायचा विचार आहे. फेब्रुवारी अर्धा सरलाय, उशीर तर झाला नाही ना, असंही विचारलंय.

चिरे आणू नका. निदान आत्ता तरी नाही.

इतकं तोडून सांगतेय कारण असेच सहा वाफे, आठ फूट बाय तीन फुटांचे, आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, अजून उभे आहेत. माझ्या धाकट्या दिराने २०१९ च्या फेब्रुवारीत ते बांधून घेतले. तो मुंबईची नोकरी संपवून तुमच्यासारखाच गावी आला होता, आणि हौस खरी होती, ते मी नाकारत नाही. व्हिडिओ बघून दोन-दोन चिरे उंचीचे वाफे केले, लाल मातीचा टेम्पो आणला, कोकोपीटच्या गोणी ओतल्या. मी म्हटलं, आपल्याकडे उन्हाळ्याची भाजी खळ्यात लावत नाहीत, मागे माडाच्या सावलीत आळी, म्हणजे रोपांसाठी खोलगट खड्डे, मारूया. चार पाहुण्यांसमोर तो म्हणाला, "वयनी, तां जुन्या काळाचा. आता जग खंय गेला बग."

जुन्या काळाचं म्हणजे माझ्या सासूबाईंचं. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण पन्नास वर्षं त्यांनी त्या परड्यातून घरात भाजी आणली. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या हातात कुदळ देऊन त्यांनी सांगितलं होतं, "पावसात वाफो वर, गिमात आळां खाली." गिम म्हणजे उन्हाळा. गादीवाफ्याबद्दल मला जे काही सांगायचंय ते एवढ्यात आलं. गादीवाफा हा पाणी काढून टाकायचा उपाय आहे. जून ते सप्टेंबरात आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा मुळं कुजू नयेत म्हणून माती उचलायची. फेब्रुवारी ते मे पाऊस जवळपास नसतोच. तेव्हा उचललेली माती चारही बाजूंनी वाळते, आणि बाजूला जांभ्याचा चिरा असेल तर तो दिवसभर तापून संध्याकाळपर्यंत मुळांना शेकत राहतो. त्यात खळ्याखाली आमच्याकडे कातळच आहे. मूळ खाली जाणार कुठे?

मागच्या परड्यात मी त्याच आठवड्यात सव्वीस आळी मारली. दीड फूट खोल, तेवढीच रुंद. तळाशी नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, जुनी, एक पाऊस खाल्लेली. ताजी घालू नका, त्यांचा तुरट लाल रस उतरतो आणि कोवळं रोप पिवळं पडतं. सोडणं पुरताना उताणी ठेवायची, वाटीसारखी, म्हणजे पाणी त्यात साठतं. आळ्यावर आच्छादन म्हणून पसरताना मात्र उपडी घालायची, म्हणजे ऊन अडतं आणि खालची वाफ उडत नाही. हा फरक सासूबाईंनी मला एकदाच दाखवला आणि पुढच्या वेळी चुकले तेव्हा न बोलता सगळी उलटी करून ठेवली. सोडणांवर शेणखत आणि माती, त्यात चुलीतली मूठभर राख. आपल्या पावसाने मातीतला चुना धुऊन जातो, जांभ्याची माती आंबट होते, राखेने तो आंबटपणा उतरतो आणि पालाशही मिळतं. पण मूठभरच. ढीग घातला तर पानं जळतात.

भरल्यावर आळं जमिनीपेक्षा चार बोटं खाली राहिलं पाहिजे. पाणी तिथेच थांबतं, तिथेच मुरतं.

शिमग्यापर्यंत खळ्यातले टोमॅटो कंबरभर वाढले होते, फुलंही आली. पाहुणे फोटो काढत. मग ऊन चढलं, रात्रीही गार होईनात, आणि फुलं गळायला लागली. टोमॅटोला फळ धरायला रात्र थंड लागते. आपल्याकडे त्याची लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात करतात ती याचसाठी. फ्लॉवरने गड्डा धरलाच नाही, नुसता पाला. पाडव्याच्या सुमारास टोमॅटोची झाडं हिरवीच्या हिरवी माना टाकायला लागली. दीर म्हणे पाणी कमी पडतंय, पाईप वाढवा. मी एका झाडाचं खोड कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरलं, तर कापातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला. तो मर रोग, जिवाणूचा. आपल्या आंबट, दमट मातीत टोमॅटो, वांगी, मिरची या तिघांनाही तो लागतो, आणि पाणी वाढवलं की वाढतो. मी पेला दाखवला. त्याने बघितला आणि पाईप चालूच ठेवला.

माझी वालीची वेल तेव्हा माटवावर, म्हणजे मांडवावर, चढली होती. लाल भाजी दोनदा उपटून झाली होती. भेंडी एक दिवसाआड ओटीभर.

इथपर्यंत मला काहीच म्हणायचं नव्हतं. एकाची बाग येते, एकाची जाते. माझं दुखणं पुढचं आहे. त्या वर्षी पाऊस लांबला. अरबी समुद्रात वायू चक्रीवादळ झालं आणि आपल्याकडे मान्सून २० जूनच्या सुमाराला पोचला. आमची बाव, म्हणजे विहीर, मे संपायच्या आत तळाला गेली, कळशी खाली टेकायला लागली. जून लागला तेव्हा प्यायचं पाणी शेजारच्या वाडीतून आणत होतो. आणि घरात बसून आमच्या आत्याबाई, म्हणजे यांच्या आत्या, मला म्हणाल्या, "तुज्या भाजयेन बाव सुकयल्यान गो." दीर तिथेच बसला होता. तो गप्प राहिला.

पाऊस पडून बाव पुन्हा भरली तेव्हा मी मोजलं. त्याचा पाईप वीस लिटरच्या बादलीत सोडला, बादली चाळीस सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला तीस लिटर. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, असं मार्चपासून चाललं होतं: रोज अठराशे लिटर. माझी सव्वीस आळी, प्रत्येकी पाच लिटर, एक दिवसाआड. सरासरी रोज पासष्ट लिटर. तेही एप्रिलच्या मध्यापासून, कारण तोवर मोठ्या भांड्यांची विसळणं आणि तांदूळ-भाज्यांची धुवणं यावरच निम्मं भागत होतं. हा हिशोब मी वहीत लिहून ठेवला. कुणी विचारला नाही, आणि अजूनही घरात विषय निघाला की आत्याबाईंचं वाक्यच पुढे येतं. म्हणून इथे लिहितेय.

तर तुमच्या प्रश्नाकडे. उशीर झालेला नाही, पण टोमॅटो, फ्लॉवर, सिमला मिरची यांच्यासाठी झालाय. ती दसऱ्या-दिवाळीकडे बघा. आत्ता लावायचं ते उन्हाळ्याचं: भेंडी, वाली, गवार, काकडी, दोडका, पडवळ, कारली, दुधी, लाल माठ. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वाण इथल्याच हवामानात निवडलेले आहेत. कारल्याचा कोकण तारा, दोडक्याचा कोकण हरिता, पडवळाचा कोकण श्वेता मिळाला तर तोच घ्या. चित्र बघून रंगीत पाकिटं घेऊ नका. लाल माठ महिन्याभरात उपटायला येतो, भेंडी-वाली दीड महिन्यात, वेलांना दोन महिने धरा. आठवड्याभरात बी टाकलंत तर मृगाआधी दीड-दोन महिने पोटभर भाजी मिळेल.

दोन्ही गुंठे काढू नका. अर्धा गुंठा पुष्कळ झाला. जागा अशी बघा की सकाळचं ऊन येईल आणि दोननंतर माडाची किंवा घराची सावली पडेल. पुस्तकांत दिवसभर ऊन लिहिलेलं असतं, ते एप्रिलच्या किनाऱ्यासाठी लिहिलेलं नसतं. रोपं लहान असेपर्यंत वर चुडतं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, घाला.

वेलांना फळमाशी लागणारच. कोवळी काकडी, कारली वाकडी होऊन पिवळी पडली की आत अळी असते. ती फळं खड्ड्यात पुरा, झाडाखाली टाकू नका. सापळा लावणार असाल तर दुकानदाराला वेलभाज्यांचा, क्यू ल्यूर या आमिषाचा सापळा मागा. आंब्याचा सापळा शेजारी कुणी सहज देईल, पण त्यातल्या मिथाइल युजेनॉल या आमिषाला वेलाची माशी येत नाही. हे ठाऊक नसताना माझे दोन हंगाम फुकट गेले.

ताज्या माशांचं धुवण मिरचीच्या आळ्यात घाला, खोडापासून वीतभर लांब, आणि वर माती ओढा, नाहीतर रात्री मांजरं-कुत्री आळं उकरतात. खारवलेल्या सुक्या माशाचं पाणी अजिबात नको.

वानरांवर माझ्याकडे उपाय नाही. जुनी मासेमारीची जाळी बंदरावर स्वस्तात मिळतात, ती माटवावर टाकली की थोडं थोपतं. कारल्याला आणि मिरचीला वानरं सहसा हात लावत नाहीत, भेंडी-काकडी मात्र सोडत नाहीत. त्यामुळे भेंडी-काकडी घराच्या अगदी जवळ, माणसाची ये-जा असेल तिथे लावा.

आता एक गोष्ट, जी मी आधी सांगायला हवी होती. हे सगळं मी जांभ्याच्या लाल मातीबद्दल लिहिलंय. तुमचं घर समुद्राला लागून, वाळूच्या जमिनीत असेल तर आळं खोल करून भागत नाही, पाणी तसंच खाली निघून जातं. तिथे शेणखत दुप्पट, सोडणांचे दोन थर, आणि पाणी थोडं थोडं पण रोज. खाडीजवळ असाल तर एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी चाखून बघा. मचूळ लागलं तर मिरची आणि श्रावणघेवडा टिकणार नाहीत. आणि कपड्यांच्या साबणाचं पाणी भाजीला देऊ नका, ते केळीकडे वळवा.

गादीवाफेही वाईट नाहीत. त्यांचा काळ वेगळा आहे, एवढंच. आमच्या खळ्यातल्या त्या सहा वाफ्यांत मी आता दरवर्षी मेअखेरीला पावसाळी भाजीची रोपं टाकते, वर चुडतांचा आडोसा करून, आणि पावसात ती उत्तम राहतात. दीर म्हणतो, बघ, माझे वाफे कामी आले. आले. जूनमध्ये आले.

तुमच्या घरात सामाईक विहीर असेल तर एक काम पहिल्याच दिवशी करा. पाईप बादलीत सोडा, घड्याळ लावा, आणि बागेला रोज किती लिटर जातं तो आकडा भिंतीवर खडूने लिहा, सगळ्यांना येता-जाता दिसेल असा. मेमध्ये पाणी तळाला गेलं की कुणीतरी बोलणारच, तेव्हा तो तिथे असू दे.