हॉस्पिसच्या डे केअरला जाऊ का?

प्रश्न : वय ५८, राहणार कोथरूड. आजारी पडेपर्यंत घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेत होते. अंडाशयाचा कॅन्सर आता यकृतापर्यंत गेलाय. केमोचा उपयोग नाही असं सांगून डॉक्टर म्हणाले, हॉस्पिसच्या डे केअरला जायला लागा. जाऊबाई म्हणतात, तिथं गेलेलं माणूस परत येत नाही. हे दिवसभर माझ्याजवळ बसून असतात, तळजाईला फिरायला जाणंही सोडलंय. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात, पण सवय लागेल म्हणून अगदी सोसवेना झालं की घेते. जाऊ का?

उत्तर : ताई, जा. हॉस्पिसमध्ये, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या ठिकाणी, परिचारिका म्हणून काम करत आले आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

जाऊबाई मायेपोटी बोलतात. पण डे केअरला माणूस सकाळी येतं आणि संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर झोपायला जातं. घरी राहणाऱ्या रुग्णांसाठी असं केंद्र पहिल्यांदा १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिसनं काढलं, ते याचसाठी.

आधी गोळ्यांचं बोलू, कारण तुमचे हाल तिथं होताहेत. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. दुखणं वर आल्यावर गोळी घेतली, तर ती लागू पडेपर्यंत तुम्ही कळवळत राहता. म्हणून ती घड्याळ बघून घ्यायची, दुखत नसलं तरी. डॉक्टरांनी कॅन्सरच्या दुखण्यासाठी बेतून दिलेल्या गोळीनं व्यसन सहसा लागत नाही. सुरुवातीला गुंगी येईल, मळमळेल, ते बहुतेकांचं काही दिवसांत कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध सोबत लागतंच. ते दिलं नसेल तर मागून घ्या. घरचं इसबगोल नको, पाणी कमी पडलं तर त्यानं उलट अडतं. डोस मात्र स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका.

डे केअरला गेल्यावर याच गोष्टी कोणीतरी निवांत बसून विचारतं. रात्री झोप लागते का, तोंड आलंय का, पोटात पाणी साठून दम लागतो का. ओपीडीच्या गर्दीत हे राहून जातं. थकलात तर पडून राहा, कुणी उठवत नाही.

आणि तिथं बरोबरीची माणसं भेटतात. आमच्याकडे एक आजी यायच्या, भिंतीकडे तोंड करून बसायच्या. एकदा शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, "तुमचे केस परत आले का हो?" तिथून दोघींचं जे सुरू झालं! लेकीसमोर कधी न रडलेल्या आजी त्या बाईंपाशी पोटभर रडल्या. आम्हा नर्सेसना ते जमलं नव्हतं.

तुमच्या यजमानांविषयीच्या ओळीपाशी मी थांबले. पहिल्या दिवशी त्यांना सोबत बसू दे, जागा पाहू दे. पुढच्या वेळी त्यांना तळजाईला धाडा. ते नको म्हणतील, तरी धाडा. तिथल्या समाजसेविकेशी त्यांचं वेगळं बोलणं करून द्या. बायकोसमोर धीर धरणारा माणूस आपली भीती कुठं ओतणार?

कोथरूडहून वारजे जवळ. तिथं सिपलाचं पॅलिएटिव्ह केअर (दुखणं, त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं) केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची मोफत काळजी घेतं. डॉक्टरांनी दुसरी जागा सुचवली नसेल, तर तिथं फोन करून विचारा, दिवसा येण्याची सोय कशी आहे. जाताना सगळी फाइल, स्कॅनचे रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या. मॉर्फिन कितीदा चुकवलंत तेही सांगा. त्यावरूनच तुमचा पुढचा डोस ठरेल.