आधी कपाटाचं कुलूप काढा

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे. गॅलरीत बाटली कापून ठेवलीय, रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजते, वहीत लिहिते. आता म्हणते, हवामानाच्या मॉडेल्सवर काम करायचंय. उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही, मग २०८० चा काय सांगणार? २६ जुलै कुणाला कळला होता? तिने कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच करावं. सीईटी होईपर्यंत ती वही मी कपाटात कुलूपबंद केली आहे. सराव परीक्षेत गणितात ६२ टक्के आहेत. तिला समजवा.
— एक वडील

उत्तर : नमस्कार. ६२ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही, त्या कुलपाची वाटली. साडेआठ ही वेळ तिने उगाच धरलेली नाही. हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं. म्हणजे पोरीने ते शोधून काढलं आणि पाळलं. अशी चिकाटी क्लास लावून येत नाही. वही आजच परत द्या, आणि देताना अटी घालू नका. मुलं अभ्यास सोडत नाहीत, आपल्याला सांगणं सोडतात. ते जास्त महागात पडतं.

आता तुमचा गैरसमज. उद्याचा अंदाज आजच्या हवेच्या नोंदींवरून निघतो. त्या नोंदीतली बारीक चूक दोन आठवड्यांत इतकी फुगते की अंदाज निकामी होतो. २०८० चं मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवर गणिताने मांडलेलं हवामान, अमुक तारखेला पाऊस पडेल असं म्हणतच नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड इतका वाढला, तर एका दिवसात २०० मिमी पाऊस पडण्याची वेळ किती वेळा येईल, एवढंच ते तपासतं. त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे : तापमान १ अंशाने वाढलं की हवेत साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. अडचण वेगळीच आहे. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच सरासरी आकडा देतं. जागतिक मॉडेलचा एक चौकोन साधारण १०० किलोमीटरचा असतो. त्यात ठाण्याची खाडी आणि खंडाळ्याचा घाट एकत्र येतात, सह्याद्री बुटका होतो आणि तुमच्या जवळचा येऊरचा डोंगर तर दिसतच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही एकाच चौकोनातले! म्हणून आता काही किलोमीटरच्या चौकोनांची मॉडेल्स चालवतात, एक नाही, अनेक, आणि त्यांचे निकाल ताडून बघतात. जोरदार पाऊस आणखी जोरदार होणार, यावर त्यांचं बऱ्यापैकी एकमत आहे. एखाद्या शहरात नेमका किती, यावर नाही. ते काम अजून व्हायचंय. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिमी पाऊस धरून बांधलेली होती. पुढचे नाले किती रुंद हवेत, हे याच आकड्यांवरून ठरवावं लागणार आहे.

आणि कॉम्प्युटर? ही मॉडेल्स म्हणजे सुपरकॉम्प्युटरवर चालणारा लाखो ओळींचा कोड. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने असं मॉडेल स्वतः उभं केलं आहे. तेव्हा तुमची आणि तिची इच्छा एकमेकींच्या आड येत नाहीत.

वाट सरळ आहे : फिजिक्स किंवा मॅथ्समध्ये बीएस्सी, मग वातावरणशास्त्रात एमएस्सी, नाहीतर इंजिनीअरिंग करून त्याच विषयात एमटेक.

गणिताचं मात्र गोड बोलणार नाही. या क्षेत्रात डिफरन्शियल इक्वेशन्सपासून सुटका नाही. पावसाची आवड आहे आणि गणिताचा कंटाळा, असं असेल तर तिने नोंदी छंद म्हणून ठेवाव्यात आणि दुसरं काही शिकावं. मार्क का कमी पडले, वेळ पुरला नाही की विषयच नकोसा आहे, हे तिला शांतपणे विचारा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.